काचेमागे दोनदा दहा

मी एक जुनी काड्यांची जुडी आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं की गरीब बिचारी समजू नका. मी चिडलेली आहे, आणि का ते आज सांगणारच.

खिडक्यांच्या चौकटी करताना उरलेल्या पट्ट्यांतून एका सुताराने मला घडवलं. "बाई, ह्यांचं करणार काय? चुलीतसुद्धा धड जळायच्या नाहीत," तो म्हणाला. "रोमन अंक शिकवणार," तिसरीच्या बाई म्हणाल्या. तो हसला, पण पोरांच्या बोटांत कुसळ जायला नको म्हणून एकेक टोक मनापासून घासून दिलं.

मग माझे सुखाचे दिवस आले. मुलं जमिनीवर बसून मला मांडायची. एक काडी म्हणजे एक. दोन काड्या खाली टोकाला टोक लावून वर फाकवल्या की पाच. एकीवर दुसरी तिरकी टाकली की फुली, म्हणजे दहा. फुलीच्या आधी एक काडी आली की दहातला एक गेला, उरले नऊ. तीच काडी उचलून फुलीच्या मागे ठेवली की अकरा. "आधी येते ती खाते, मागून येते ती देते," बाई सांगायच्या. मुलं मला फेकायची, चावायची, कुणी माझ्याने पाठही खाजवायचं. मी हरवायचे, सापडायचे, झिजायचे. ह्याला जगणं म्हणतात.

बाई निवृत्त झाल्या. नव्या सरांना माझं फार कौतुक! इतकं, की त्यांनी मला पॉलिश केलं, निळ्या कापडाच्या फळ्यावर एक ते बारा अंक मांडून सरसाने चिकटवलं आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. पाहुणे आले की कपाट उघडायचं. "वा, काय जपलंय!" पाहुणे म्हणायचे. जपलंय म्हणे! हातपाय बांधून गळ्यात हार घालावा, तसं जपलंय.

वर्गात एक मुलगी होती. तिचा नऊ आणि अकरात हमखास घोळ व्हायचा. "डावीकडची वजा, उजवीकडची अधिक. पाठ कर!" सर ओरडायचे. तिला डावं-उजवंच पटकन उमगत नसे.

"सर, त्या काड्या एकदा हातात द्या ना. माझी ताई त्यांच्यावरच शिकली."

"हात लावायचा नाही! खराब होतील. आणि आलं नाही तर दुसरीत बसवीन, भावाशेजारी."

धाकटा भाऊ कसला गप्प बसतोय! "माझ्या बाकावर जागा धरून ठेवू का गं?" म्हणून रोज चिडवायचा.

एके दिवशी तपासणीला साहेब आले. कपाट उघडलं. साहेबांनी नेमकं तिलाच उभं केलं. "ह्यातलं नऊ कुठलं, बाळ?" तिने अकरावर बोट ठेवलं. वर्ग फिदीफिदी हसला.

"उद्यापासून दुसरीत," सर दातओठ खात पुटपुटले आणि साहेबांना चहाला घेऊन गेले. कपाट उघडंच राहिलं.

तिने अकरातली ती मागची काडी धरली आणि ओढली. सरस कडकन तुटला. काय सांगू, किती वर्षांनी मला कुणाच्या तरी तळहाताचा घाम लागला! तिने जमिनीवर खडूने फुली काढली. काडी फुलीच्या आधी ठेवली. मग मागे. मग परत आधी. "खाते... देते... खाते," ताईकडून ऐकलेलं ती पुटपुटली, आणि एकदम ओरडली, "नऊ! हे नऊ!"

दारात सर उभे. "मोडलंस ना?"

"सर, बघा ना! इथे ठेवली की नऊ, अन् इकडे ठेवली की अकरा!"

सरांनी जमिनीकडे पाहिलंसुद्धा नाही. फळ्यावरचा सरसाचा डाग तेवढा पाहिला. बुटाने फुली पुसली आणि तिला दंड धरून दुसरीत नेऊन बसवलं. माझी काडी तिच्या मुठीतच होती.

सरांनी डागावर निळा रंग फासला. आता फळ्यावर दहा, पुन्हा दहा आणि मग बारा आहे. पाहुणे येतात, "वा!" म्हणतात, जातात. अजून एकाच्याही डोळ्यांना चूक दिसलेली नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपणं पुरे झालं. मला ओढून काढा, वापरा, मोडा, काय वाटेल ते करा. पण जिला नऊ येतं ती मुलगी आज दुसरीत भावाशेजारी मान खाली घालून बसली आहे. तुम्ही तेव्हा हसलात ना? मग आता उठा, सरांसमोर उभे राहा आणि सांगा, तिला येतं. आधी तिला तिच्या बाकावर परत आणा. माझं मागाहून बघू.