ठेच्यासाठी राखलेली दोन झाडं

मिरचीच्या पानांच्या तपासणीचा निकाल घेऊन अकोल्याहून गावाकडं निघालेल्या बसमध्ये प्रियदर्शनी उभीच होती. मिरचीवर रोग पसरवणारी पांढरी माशी तिळाहून लहान असते. पण तिच्या रोगापायी मोर्शीजवळच्या तिच्या गावात दोन शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

प्रियदर्शनीच्या वडिलांची, पंजाबरावांची, मिरची पार आखडून गेली होती. बांधापलीकडच्या भगवंतरावांची नुसती पिवळसर पडली. त्यांनीच काही फवारलं, असं पंजाबराव गावभर सांगत होते. म्हणून लेकीनं दोन्ही वावरांतली पानं अकोल्याच्या प्रयोगशाळेत तपासली. घरी पोचताच ती म्हणाली,

"बाबा, विषाणू दोघांकडं एकच हाये. पण आपल्या पानांत त्याच्यासंगं एक इवलासा डीएनए हाये, उपग्रह म्हणतात त्याले. एकटा काहीच करत नाही. विषाणूसंगं आला, की झाडाची राखण झोपवते, मंग रोग बळावते."

"मंग आपल्याकडंच काहून आला?"

तिनं मागच्या दाराकडं बोट केलं. ठेच्यासाठी मागल्या सालची दोन झाडं तिथं राखली होती. त्यांची पानंही तिनं तपासली होती; त्यांतही तो उपग्रह निघाला. "माशीनं इथूनच नेला. आता बांधही ओलांडन. भगवंतकाकाले कोन सांगते?"

"मीच जातो. बुढा शिव्या देईन, तं देऊ दे."

ती दोन झाडं उपटून जाळली आणि पंजाबराव बांधाकडं निघाले.

भगवंतरावांच्या घरी ठेच्याची मिरची वर्षानुवर्षं पंजाबरावांच्या अशाच राखलेल्या झाडांवरून जात असे.