खरकट्या हातांची सुनावणी

गावच्या जावयाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, या एका भिडेपायी अख्ख्या गावावर तहानेने मरायची पाळी आली होती, बोला!

टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीच्या काठावर मालनचं गाव. तिचा जावई उत्तम शहाडचा, धंदा रेतीचा. गावाजवळच्या नदीपात्रातली रेती उपसायचा ठेका त्याला हवा होता. पेढे घेऊन आला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला आणि सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मालनने मात्र मान डोलावली नाही. गावाला पिण्याची विहीर एकच, तीही नदीला लागून. नदीतली रेती गेली की पाणी धरून ठेवणार कोण? मग आहेच जन्मभर टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणं.

"आई, ह्यांच्या धंद्यात तू पडू नकोस हं," लेकीने, रसिकाने, फोनवर बजावलं. "मला इथे नांदायचंय."

"बरं," म्हणून मालनने फोन ठेवला आणि सरळ कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली.

रेतीच्या जागा ठरवायच्या आधी गावाचं म्हणणं ऐकायला सरकारी भूजल अधिकारी ऋजुताताई आल्या. विहिरीजवळच्या मांडवात गाव जमलं. उत्तम कडक इस्त्रीत.

"मॅडम, नदी कुठे, विहीर कुठे! काही संबंधच नाही. तुम्ही टेन्शनच घेऊ नका."

"जावईबापू म्हणतात तर खरंच असणार," पदर सावरत मालन म्हणाली. "रेती किती खोल आहे ते बघायला नदीत तुम्ही नमुन्याचा खड्डा खणलाय, त्यातलं पाणी उपसायला पंपही बसवलाय. चालू करा की तो. संबंधच नाही तर घाबरायचं कशाला? तोवर जेवणं उरकू."

ऋजुताताईंनी चटकन मान वर केली. "हे बेस्ट! थांबा, मी आधी विहिरीची पातळी मोजून घेते."

चार माणसांत उत्तम मागे कसा हटणार? त्याने पंपावरच्या भिवाला हाक मारली, "फुल्ल सोड रे!"

पंप धडधडू लागला आणि इकडे पंगत बसली. गावठी कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, वर सासूचा आग्रह. "अहो, घ्या की अजून एक! माझी शपथ आहे." ऋजुताताईंनी आपला डबा आणलेला, तो उघडून त्याही पंगतीलाच बसल्या. मालन हसून वाढत होती, पण आतून पार टरकलेली. पाणी हललंच नाही तर? विहीर जाईल, लेकीचं माहेर तुटेल आणि गाव हसेल ते वेगळंच.

जेवणं झाली. जावयाच्या हातावर पाणी घालायला मालनने विहिरीत बादली सोडली. दोर संपत आला आणि बादली खणकन दगडावर आपटली.

गाव काठावर धावलं. सकाळी कमरेएवढं पाणी होतं, आता तळाचे दगड उघडे पडले होते.

"जावईबापू," मालन अगदी अदबीने म्हणाली, "हात धुवायला पाणी नाही हो. तुमच्या पंपानेच नेलं सगळं."

उत्तमच्या कोपरापर्यंत रस्सा ओघळलेला. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग काय, अख्खा मांडवच हसत सुटला.

ऋजुताताईंचाही हात खरकटाच. पेन धरता येईना, म्हणून त्यांनी सोबत आलेल्या कारकुनाला सांगितलं, "लिहा. या विहिरीला पाणी पुरवणारा नदीचा सगळा पट्टा रेतीच्या नकाशातून वगळायचा. इथे उपसा नाही. आणि यापुढे कुठेही आधी विहिरी बघायच्या, मग रेती."

बायकांनी टाळ्या पिटल्या. उत्तम त्या कोरड्या तळाकडे बघत राहिला. मग स्वतःच ओरडला, "भिवा, बंद कर रे तो पंप! मॅडम, मी अर्ज मागे घेतो."

मालनला रडू आवरेना. जिंकली होती ती! गाव जिंकलं होतं!

तेवढ्यात रसिकाचा फोन. "आई, हे फोन उचलत नाहीत. कुठे आहेत?"

"आहेत की, मांडवातच बसलेत, खरकटा हात वर धरून," डोळे पुसत मालन म्हणाली. "विहिरीत पाणी चढायला लागलंय. हात धुतले की पाठवते हो."