व्हॅनिलाच्या वासाचा पाइप

मी तंबाखू ओढायचा पाइप आहे. माझ्याजवळ नाक आणणार असाल तर आधीच सांगतो, आणू नका. मला स्वतःलाच माझा वास सहन होत नाही. जळकं व्हॅनिला, बुरसटलेली संत्र्याची साल, चुना आणि माणसाची शिळी थुंकी, एवढं सगळं माझ्या पोटात एकत्र नांदतंय. बाहेरून मात्र मी अजून देखणा आहे. तोच देखणेपणा नडला सगळ्यांना.

जन्म माझा शिसवीच्या लाकडातला. उत्तरेकडच्या एका गावात एक म्हातारा कारागीर लाकूड कातायचा. माझ्याच ओंडक्यातून त्यानं आधी एक लाटणं काढलं, मग मला काढलं. लाटणं कोणाच्या तरी स्वयंपाकघरात गेलं असेल, पिठात लोळत असेल. माझ्या पोटात त्यानं खड्डा कोरला, काळी चकचकीत नळी बसवली आणि खोक्यात बंद केलं. म्हातारा स्वतः साधी विडीसुद्धा ओढायचा नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी पार्सलनं मी अमरावतीला आलो. खोकं मायाबाईंनी घेतलं. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, घरात त्या आणि त्यांचा मुलगा अश्विन, दोघंच. पाइप आलाय म्हटल्यावर त्यांना वाटलं शेतातला ठिबकचा असेल. एवढ्याशा खोक्यात तो कसा मावला म्हणून त्या बराच वेळ खोकं हलवून पाहत होत्या.

अश्विन अठ्ठावीस वर्षांचा, नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात कापड तपासायला. डोळा असा तयार की एक धागा सुटला तरी त्याला दिसायचा. स्वतःच्या तोंडात काय सुटत चाललंय ते मात्र दिसत नव्हतं.

कारण होतं खर्रा. सुपारीचा भुगा, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून खसाखसा घोटायचा आणि गालात दाबून ठेवायचा. कापडाच्या कारखान्यात काडी पेटवायची सोय नाही, म्हणून तिथे जो तो गाल फुगवून काम करतो. कोणी पन्नी पुढे केली आणि तुम्ही नाही म्हणालात, तर समोरच्याला वाटतं याला माणसं नकोशी झाली. अश्विननं सहा वर्षांत कोणाला नकोसं वाटू दिलं नव्हतं.

त्याची मोठी बहीण गीतांजली अकोल्याला एका दवाखान्यात नर्स. मी यायच्या आधी, एप्रिलमध्ये जयंतीला ती माहेरी आली, तेव्हा जेवताना तिनं पाहिलं की भाऊ ठेचा बाजूला सारतोय, तोंडात झोंबतो म्हणतोय. वऱ्हाडातल्या माणसाला ठेचा झोंबतो म्हटल्यावर तिनं तिथेच त्याला तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावली. निरोगी तोंडात तीन जातात. त्याची अडीच गेली. तो हसून म्हणाला, माझी बोटंच जाडी आहेत. ती हसली नाही. खर्रा सोडला नाहीस तर तोंड मिटत जाईल, मग घास जाणार नाही, आणि त्याच्यापुढचं मी बोलत नाही, असं तिनं आईसमोर सांगितलं.

मुलगा घाबरला, हे मान्य. पण घाबरून त्यानं विचारलं कोणाला? अकोल्याच्या शिवमला! हा त्याचा कॉलेजातला मित्र, मोबाइलच्या कव्हरांचं दुकान चालवतो आणि व्हिडिओ पाहून पाहून पाइपातला पंडित झालेला. त्यानं अकरा जणांचा ग्रुप काढला होता, वऱ्हाड पाइप मंडळ. सगळे तिशीच्या आतले. त्यानं सांगितलं, खर्रा गावंढळ, पाइप सभ्य. पाइपाचा धूर छातीत घ्यायचा नसतो, नुसता तोंडात फिरवायचा असतो, म्हणून काही होत नाही.

नुसता तोंडात. ज्याचं तोंडच मिटत चाललंय त्याला हा सल्ला! मला तेव्हाच ओकारी आली असती, पण माझं पोट अजून रिकामं होतं.

मग मला मागवलं आणि सुरू झाली तंबाखूची निवड. अहाहा, काय ती चर्चा! लग्नाला मुलगी पाहताना एवढे प्रश्न विचारत नसतील. नवशिक्यानं व्हॅनिलाचा घ्यावा की चेरीचा? ओलसर बरा की कोरडा? जिभेला चटका कोणता कमी देतो? एक म्हणे गोड वासाचा घे, घरच्यांची कुरकुर होत नाही. दुसरा म्हणे गोड वास पोरांचा, तू थेट साध्या पानाचा घे. आठ दिवस हे चाललं. अकरा शिकलेल्या जणांपैकी एकानंही विचारलं नाही, की नवशिक्यानं सुरूच कशाला करावं.

शेवटी व्हॅनिला आला. पहिल्या दिवशी शिवम मुद्दाम अमरावतीला आला, अश्विनला कुर्ता घालायला लावला, मला त्याच्या दातांत धरवलं आणि काळेपांढरे फोटो काढले. धूर नीट यावा म्हणून चौदा वेळा पेटवलं मला. फोटोत अश्विन कोणी मोठा विचारवंत दिसत होता. विचार एवढाच चालला होता की लाळ नळीत उतरतेय, ती गिळावी की थुंकावी. ती माझ्याच पोटात उतरली.

आत गेलो आणि मी ते तोंड पाहिलं. गाल आतून पांढरट, ताठ, वाळलेल्या चामड्यासारखे. डाव्या बाजूला मागच्या दाढेजवळ चण्याएवढा एक पांढरा डाग. ते त्याच्या आईला दिसत नव्हतं, बहिणीला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी तिथेच गरम धूर सोडत होतो.

आता या लोकांनी माझे जे हाल केले ते ऐका. मे महिन्यात अमरावतीत पारा पंचेचाळिसावर, डब्यातला तंबाखू कडकडीत वाळला. मंडळात तोड निघाली की संत्र्याची साल टाकावी, ओल धरते, वर वऱ्हाडाचा स्वाद. टाकली. पंधरा दिवसांत डब्यात हिरवट लव उगवली. अश्विननं ती फुंकर मारून उडवली आणि उरलेलं माझ्यात भरलं. मंडळात कळवलं की चव जरा मातकट, पण छान आहे.

त्याहून घाण पुढे आहे. गोड तंबाखू त्याला फिका लागायचा. एका संध्याकाळी गच्चीवर बसला असताना त्यानं डब्यातली चिमूट डाव्या तळहातावर घेतली. सहा वर्षांची सवय हाताची. उजव्या हातानं खिशातली चुन्याची डबी काढली, बोटभर चुना लावला, अंगठ्यानं तंबाखू रगडला, वरून दोन टाळ्या मारून धूळ उडवली आणि माझ्या तोंडात ठासला. त्याला कळलंही नाही आपण काय केलं. पेटवलं तसा माझा तळ फसफसला, नळीतून कडू पाणी वर गेलं आणि याच्या जिभेची साल निघाली. मग काय करावं? तर बावळटानं ग्रुपवर विचारलं, हा ब्लेंड नवशिक्याला जड तर नाही ना?

पण माझा प्रश्न वेगळा होता. खर्रा सोडलेल्या माणसाच्या खिशात चुन्याची डबी कशाला?

उत्तर मला त्याच्या थुंकीतच मिळालं होतं. रोज संध्याकाळी त्याच्या लाळेला ताज्या सुपारीची चव असायची. कारखान्यात मला पेटवता येत नव्हतं, म्हणून ड्युटीवर खर्रा आणि घरी मी. सोडलं त्यानं काहीच नव्हतं, उलट एक वाढवलं होतं. आईला सांगायचा, बहिणीला फोनवर सांगायचा, खर्रा बंद, आता फक्त पाइप. मायाबाई शेजारच्या इंदूबाईंना कौतुकानं सांगायच्या की पोरानं मन घट्ट केलं. मी ऐकत बसायचो आणि या पोराची मला किळस यायची. माझी स्वतःची तर त्याहून जास्त, कारण त्याच्या खोटेपणाला मीच तर शोभा आणत होतो.

गेल्या पावसाळ्यात त्याला पाणीपुरी तोंडात घालता येईना. गीतांजली त्याला अकोल्याच्या तोंडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी त्याच्या बॅगेत होतो. तपासून झाल्यावर शिवमकडे जायचं ठरलं होतं ना! डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? हा म्हणाला, खर्रा सोडून वर्ष झालं. गीतांजलीनंही मान हलवली.

डॉक्टरांनी बॅटरी लावली, बारीक चिमटा आत घातला आणि दाढेच्या फटीतून काहीतरी ओढून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवलं. सुपारीचा तुकडा होता, लालसर, ओला.

"हा वर्षभर तिथेच होता का?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

अश्विननं तोंड मिटलं. गीतांजलीनं त्या तुकड्याकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि ती बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली. शिवमकडे जाणं झालं नाही.

त्या पांढऱ्या डागाचा कण काढून तपासायला पाठवला. सात दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. रिपोर्ट आला: कॅन्सर झालेला नाही, पण पेशी बिघडायला लागल्या आहेत. डॉक्टरांनी बजावलं की तंबाखू आणि सुपारी कुठल्याही रूपात नको, दर तीन महिन्यांनी तपासणार, डाग वाढलेला दिसला तर कापावं लागेल. तोंड आता दीड बोट उघडत होतं. त्यासाठी व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक दातांमध्ये घालायच्या आणि आठवड्याला एक वाढवायची. मायाबाई रोज सकाळी त्याच्यासमोर बसून काड्या मोजतात. अकरा जातात. बारावीला त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं.

खर्रा त्यानं या वेळी खरंच सोडला. चुन्याची डबी इंदूबाईंसमोर नालीत फेकली. माणूस वाईट नाही हो तो. पण मला नाही फेकलं. मला धुतलं, पुसलं, कपाटात पुस्तकांपुढे ठेवलं. शोभेला म्हणे! आणि शिवमचे फोन सुरूच. यात सुपारी कुठे असते, एक अगदी हलका ब्लेंड आलाय, खास नवशिक्यांसाठी, तू तर आता नवशिकाच झालास पुन्हा.

तुमच्यापैकी जे कोणी आज कुठल्या ग्रुपवर हाच प्रश्न विचारत असतील, त्यांना मी आतून सांगतो. व्हॅनिला, चेरी, साधं पान, सगळं माझ्या पोटात जाऊन एकच होतं, काळा चिकट चोथा. मी तो नळीत जमलेला पाहिला आहे आणि ती नळी कोणाच्या जिभेवर टेकते तेही पाहिलं आहे. गोड वास बाहेरच्यांसाठी असतो.

मागच्या रविवारी शिवमचं पार्सल आलं. मायाबाई आत स्वयंपाक करत होत्या. अश्विननं डबी उघडली, हुंगली. मग कपाटातून मला काढलं, भरलं, पेटवलं नाही, नुसतं दातांत धरलं. मी अलगद आत गेलो. मला जागा काय लागते, अर्धं बोटसुद्धा नाही. तोंड पूर्ण मिटेपर्यंत मी जातच राहीन.

तेवढ्यात मायाबाई ताटली घेऊन बाहेर आल्या. भाकर वरणात कुस्करून, तिखट न घालता, लहान लहान घास केलेले. त्यांनी मला पाहिलं. मला वाटलं ओरडतील, हिसकावून घेतील. त्यांनी ताटली खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसल्या.

"हा जाते रे तुह्या तोंडात," त्या म्हणाल्या. "आन् माह्या हातचा घास जात नाई."

अश्विननं मला काढलं. त्यानं मला आईच्या हातात दिलं, तेव्हा माझ्या तोंडातला तंबाखू तिच्या लुगड्यावर सांडला. तिनं तो झटकलाही नाही. तिनं घास पुढे केला. अर्धा आत गेला, अर्धा हनुवटीवरून ओघळला. तो तिनं पदरानं पुसला आणि दुसरा घास केला.

आता मी चुलीजवळच्या कोनाड्यात पडून आहे. आंघोळीच्या पाण्यासाठी मागच्या अंगणात रोज चूल पेटते. मायाबाई रोज मला उचलतात, पाहतात आणि पुन्हा ठेवतात. त्याच्या हातानंच जाळीन म्हणतात. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. काल शिवमचा फोन आला, तेव्हा त्यानं उचलला होता.

दोन वर्षं मी या घराचं खारं, आंबट, कडू सगळं चाखलं. यांच्या बोलीत एकच गोष्ट मागतो. अश्विनभाऊ, मले जाळ. तुह्या हातानं जाळ, आन् आजच जाळ.