एका आजींचा नमुना

आम्हा यहुद्यांमध्ये मृतांना अंघोळ घालायचं काम मी वीस वर्षं करतेय. सुजलेलं, काळंनिळं पडलेलं शरीर पाहून मला कधी किळस आली नाही. ती आली मृतदेहांचं खत करून देणाऱ्या एका कंपनीच्या चकचकीत ऑफिसात.

त्या सकाळी माझी मोठी बहीण वारली होती. तिच्या मुलाला तिचं खत करून घ्यायचं होतं. "मावशी, शेवटी मातीच ना?" तो म्हणाला. "आपला धर्मही तेच सांगतो."

"धर्म मातीत ठेवायला सांगतो, तेही अखंड," मी म्हणाले. "मेलेल्या माणसाचा कसलाही वापर करायचा नाही."

कंपनीच्या विक्रेत्याने एका बरणीत हात घालून चिमूटभर माती काढली. "वास घ्या, ताई. अगदी जंगलासारखा."

"आणि हाडं?" मी विचारलं.

"ती यंत्रात दळतो. मग पोती घरपोच."

त्याच बोटांनी त्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. भाच्याने एक तोंडात टाकलं. मी बशी परत त्याच्याकडे सरकवली.

"ही बरणी कुणाची?"

तो गडबडला. "नमुना आहे. एका आजींचा."

भाचा रुमालात थुंकला आणि उठला. दुपारी मी बहिणीला अंघोळ घालून पांढरं कफन नेसवलं. संध्याकाळच्या आत आम्ही तिला पुरलं. पहिली माती भाच्यानेच लोटली, आणि नंतर कितीतरी वेळ तो नळाखाली हात चोळत उभा होता.