अक्रोडाचा दस्ता

कोचबाईंनी आणलेला दस्ता कामाच्या टेबलावर ठेवला तेव्हा पोकळ आवाज झाला. दस्तेवाल्यानं हातातली कानस बाजूला ठेवली, पण दस्त्याला हात लावला नाही.

"प्लास्टिक आहे," तो म्हणाला.

"प्लास्टिक नाही हो, फायबर म्हणतात त्याला."

"म्हणेनात का. आवाज बादलीचा येतोय."

"दिसायला कुकरच्या दांड्याचा थोरला भाऊ आहे, कबूल," स्टुलावरचा भुसा झटकून बाई बसल्या. "पण ऊन असो, दमट असो, रुसत नाही. तुमच्या लेकीची रायफल रुसायला लागलीये."

उभा जन्म त्यानं रायफलींचे दस्ते घडवण्यात घालवला होता. नळी लोखंडाची, ती कारखान्यातून येते. पण ज्या लाकडात ती बसते, जे खांद्याला लागतं आणि ज्यावर गाल टेकून नेम धरतात, ते लाकूड त्याच्या पटाशीखालून जायचं. हल्ली असली कामं येत नव्हती. आलीच तर तडा गेलेला जुना दस्ता सांधायला यायची. शेवटचा नवा दस्ता त्यानं लेकीसाठी केला होता, अक्रोडाचा. तिची मान, तिचा गाल, तिच्या हाताची लांबी मापून.

"रुसते म्हणजे काय करते?" त्यानं विचारलं.

"सकाळी गोळ्या डावीकडे सरकतात. दुपारी ऊन तापलं की परत मधोमध. पोरीला वाटतंय, दोष तिचाच. आई गेल्यापासून हात थरथरतो म्हणते. मी बघते ना रोज, तिचा हात दगडासारखा असतो. परवा निवड चाचणी आहे आणि ती सकाळी असते. मी सांगून थकले, दस्ता बदल. तर म्हणते, बाबांनी घडवलाय, आईनं तेल दिलंय, मरेन पण बदलणार नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही सांगा तिला."

"मी सांगू? माझंच काम फेकून दे म्हणून?"

"दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही ती. माझं कुठं ऐकते, मी तर नुसती कोच." बाई उठल्या. दारापर्यंत जाऊन मागे वळल्या. "मला वाईट वाटतंय हो. वहिनींनी मला याच टेबलापाशी चहा दिलाय कितीदा तरी."

त्या गेल्यावर तो बराच वेळ बसून राहिला. सकाळी डावीकडे, दुपारी मधोमध. यातून काय समजायचं ते त्याला बाईंचं वाक्य संपायच्या आतच समजलं होतं. लाकूड हवेतलं पाणी पीत होतं. फुगत होतं आणि नळीला ढकलत होतं. पण पुरतं तेल प्यायलेलं लाकूड पाणी पीत नाही. आणि या घरातून कोरडा दस्ता आजवर बाहेर गेला नव्हता.

लेक संध्याकाळी आली. आभाळ दिवसभर भरलेलंच होतं. तिनं रायफलीची पेटी कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले आणि न विचारताच चहा टाकला.

"कसं झालं आज?"

"ठीक."

"डावीकडे?"

ती थांबली. "मॅडम आल्या होत्या वाटतं."

"पेटी इकडे आण."

"बाबा, दस्त्याचं काही नाहीये. माझंच चित्त थाऱ्यावर नसतं. नेम धरला की आई आठवते. मग श्वास चुकतो."

"आण म्हटलं ना."

त्यानं कागदाची एक लांब पट्टी कापली. लाकडातल्या ज्या खोबणीवर नळी असते, तिथं नळीनं लाकडाला कुठंही शिवायचं नसतं. दोन्हींमध्ये घातलेली पट्टी पुढून मागपर्यंत सरळ जायला हवी. त्यानं ती सरकवायला घेतली आणि ती निम्म्यात अडकली. त्यानं परत बाहेर काढून पुन्हा घातली. पुन्हा तिथंच अडकली.

मग त्यानं स्क्रू सोडवले आणि नळी अलगद उचलून बाजूला ठेवली.

बाहेरून दस्ता तांबूस-काळा, मऊ, पाण्यात बघावं तसा चकचकीत होता. खोबण मात्र आतून फिक्कट होती, पटाशी नुकतीच फिरवावी तशी. एका बाजूला नळी घासून काळा डाग पडला होता.

घडवायचं काम त्याचं आणि तेलाचं बायकोचं, अशी वाटणी लग्न झाल्यापासूनची होती. खिडकीपाशी बसून ती उघड्या तळव्यानं जवसाचं तेल चोळायची. आधी बाहेरून, थरावर थर, आणि सगळ्यात शेवटी आतून, करंगळीनं. लेकीच्या दस्त्याचं बाहेरचं काम झालं आणि बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं एकदा त्यानं विचारलं होतं, आतलं मी लावून टाकू का?

"तुमची बोटं जातील का खोबणीत?" ती उशीवरून हसली होती. "मुळ्यासारखी बोटं. काहीतरी लडबडून ठेवाल. आतलं मी आल्यावर करते."

ती आली नाही. पुढे लेकीनं रायफल मागितली तेव्हा त्यानं नळी बसवली, स्क्रू पिळले आणि दिली. आत बघितलंही असेल. त्या दिवसांत तो पुष्कळ गोष्टींकडे नुसताच बघत होता.

लेक चहाचे कप हातात घेऊन उभी होती.

गप्प बसणं सोपं होतं. स्क्रू परत पिळायचे आणि म्हणायचं, दस्ता ठीक आहे, तू मन लाव. चाचणी हुकली असती, पण दस्ता तिच्या गालाशी राहिला असता. असं त्याच्या मनात आलं, आणि आलं याचीच त्याला लाज वाटली.

"बस इथं," तो म्हणाला. "बोट फिरव. आतून."

तिनं कप खाली ठेवले आणि बोट फिरवलं. "कोरडं लागतंय."

"आतून तेल नाही दिलेलं. आई आल्यावर करणार होती. मीही तसाच जोडून दिला. म्हणून फुगतंय ते. तुझा हात कधीच थरथरत नव्हता."

 तिनं बोट खोबणीतून काढलं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी आईला विसरायला लागले की नेम लागेल. म्हणून मी रोज..." तिला पुढे बोलता येईना.

"वेडी का तू?"

"मग आता लावा ना तेल. आज रात्री लावू. मी लावते, माझी बोटं जातात."

"परवापर्यंत नाही वाळत ते, बाळा. महिना घेतं. ओल्या तेलावर बसवलं तर आणखी फुगेल."

"मग चाचणी नाही दिली तर?"

"तर तुझ्या आईला काय वाटेल?"

लेक खोबणीतल्या त्या फिक्कट लाकडाकडे बघत राहिली. "हे बदललं ना, की मग संपलं सगळं, बाबा."

"संपलंय ते," तो म्हणाला. म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. मग त्यानं फायबरचा दस्ता जवळ ओढला. "ये. गाल टेकव. कुठं टोचतं सांग."

"इथं. गालफडाला."

"मान वाकडी करू नकोस. नेहमीसारखी धर."

"नेहमीसारखी धरली की टोचतं."

त्यानं कानस घेतली. फायबरचा भुसा लाकडासारखा पडत नाही, त्याचं पांढरं पीठ उडतं आणि त्याला वासही येतो. दोघं खोकले. तो घासायचा, ती गाल टेकवायची, मान हलवायची, तो परत घासायचा. मध्येच ती म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, हे काय घर घाण करताय." तो म्हणाला, "खिडकी उघड." चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या दस्त्यात बसवलेली रायफल चालवून बघायला तो तिच्याबरोबर मैदानावर गेला. धुकं होतं, गवत ओलं होतं. लेक चटईवर पालथी झाली. तिनं गाल टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग गोळ्या झाडल्या, मध्ये श्वासाला थांबत, एकेक करून.

कोचबाईंनी टार्गेटचा कागद आणवला आणि लांबूनच हातात नाचवत आल्या. सगळ्या गोळ्या मधोमध, एकमेकींच्या अंगावर. बोटानं झाकलं तर झाकलं जाईल एवढं एकच भोक.

"बघा," बाई म्हणाल्या. "आता बोला. या सकाळी, या हवेत. उद्या चाचणीत हिनं असंच मारलं ना, तर..." त्या बोलता बोलता थांबल्या. दोघांकडे आळीपाळीनं बघून त्यांनी कागद त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या मुलींकडे निघून गेल्या.

त्यानं तो कागद वाकून लेकीसमोर धरला.

"चांगलं आलंय ना, बाबा?"

"खूप चांगलं आलंय."

"कितीही दमट असलं तरी असंच येणार?"

"हो. असंच येणार."

तिनं मान हलवली आणि कपाळ दस्त्यावर टेकवून तशीच पडून राहिली. पाठ हलत होती. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हात ठेवून ओल्या गवतात गुडघ्यावर बसून राहिला. शेजारच्या चटयांवरून गोळ्या सुटत होत्या.

मग ती सावरली. डोळे ओले असले की नेम दिसत नाही, म्हणून तिनं ते बाहीनं नीट पुसले. गालाच्या जागी दस्ता ओला झाला होता. त्यावरूनही तिनं बाही फिरवली. तो लगेच कोरडा झाला.

"दुसरा कागद लावायला सांगा," ती म्हणाली.