जवायाची पुट्टी

शर्त लागली ते पानठेल्यावर. आमच्या मुर्री गावातल्या साऱ्या येड्या गोष्टी तेथीच होतेत.

दुधराम माह्या शेजारचा. जिंदगीभर त्यानं एका राईस मिलवाल्या सेठची अँबेसेडर चालवली. सेठ मेला, पोरायले जुनी गाडी अंगनात नको होती, मनून त्यायनं ते दुधरामले देऊन टाकली. देली काय, डोक्यावर मारली मना. इंजिन मस्त, पन खालचं अंग सारं जंगानं खाल्लं होतं. मांगं बसलं का पायाखालून सडक दिसे. मी एकडाव त्याच भोकातून बिडी फेकून दाखवली, तं दुधराम आठ दिवस माह्यासंगं बोल्ला नाई.

पन त्याच्या मनानं घेतलं होतं. खुशी, त्याची एकुलती एक पोरगी, पोटुशी होती. तिले पयल्या बाळंतपनाले याच गाडीत मायेरी आनाची, आन दवाखान्यातून लेकरू बी याच गाडीत घरी आनाचं. जवाई योगराजचं गोंदियात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. मंग काय, गाडी जवायाच्या हवाली. नव्या चद्दरीले पैसे लागतेत मनून यानं बैलजोडी इकली आन पैसे जवायाच्या हातात ठेवले.

"काय गा दुधराम," मी मनलो, "बैल तं इकले. आता पोळ्याच्या तोरनात तुह्याकडून कोन उभं राहीन? तू?"

पानठेलावाला शालीकराम चुना लावता लावता हासला. दुधराम तापला.

"हास बे भूपेंद्र, हास! सडलेलं सारं कापून नवी चद्दर झाळून राहिलेत जवाईबापू. पोळ्याले गाडी आली का पाह्यजो."

"चद्दर? पुट्टी भरन तो, वरतून रंग मारन. चुंबक बी चिकटनार नाई."

"चिकटन!"

"नाई चिकटन."

"नाई चिकटलं तं मी झूल घालून, घुंगरू बांधून तोरनात उभा राह्यतो. आन चिकटलं तं तू!"

"पक्की!" शालीकरामनं गल्ल्यावर हात मारला. "सारे आयकले!"

मले तं भल्ली मज्या आली. घरी जाताजाताच मी इचार करून राहिलो होतो का दुधरामच्या शिंगाचं काय कराचं. रंगीत कागदाचे बनवू का खरेच बांधू?

पन मस्करी वेगळी आन काम वेगळं. मी त्याले बाजूले घेऊन सांगतलो बी होतो, "रंगाच्या अगुदर जाऊन पाह्य. उघडं लोखंड पाह्य. एकदा पुट्टी चढली का आत काय हाये ते कोनाच्या बापाले समजत नाई."

"जवायाच्या कामावर नजर ठेवाले जाऊ?" तो मले असा पाहे का मीच चोर. "ज्याले पोरगी देली, त्याच्या चद्दरीले हात लावून पाहू? कसा दिसन ते?"

गेला होता तो दुकानात. जवायानं खुर्ची देली, चहा पाजला. गाडी समोरच उभी, वरतून ताडपत्री. ते ताडपत्री उचलाची काई याची हिंमत झाली नाई. वापस आला आन मले सांगे, "चहा मस्त होता गा."

पोळ्याच्या दिवशी दुपारून गाडी आली. का चमके मनता! पांढरीफेक, दुधावानी. जवाई चष्मा लावून चालवत होता, मांगं खुशी बसली होती. दुधरामच्या बायकोनं, नंदाबाईनं, पोरीवरून भाकर-पानी ओवाळून टाकलं. दुधराम बोनटवरून असा हात फिरवे जसा बैलाच्या पाठीवरून फिरवते. सारा मोहल्ला जमला, आन शालीकराम फुटक्या लाऊडस्पीकरचं चुंबक घेऊन धावत आला.

दुधरामनं सोताच्या हातानं बोनटले लावलं. टक्! चिकटलं. टपाले लावलं. टक्!

"पाह्य! पाह्य बे भूपेंद्र! काढ शर्ट, माप घे झुलीचं!"

"बोनटले कधी जंग होता गा?" मी मनलो. "दाराखाली लाव."

त्यानं दाराखालच्या पट्टीले लावलं. चुंबक खाली पडलं. त्यानं दुपट्ट्यानं पट्टी पुसली, अखीन लावलं. अखीन पडलं. मांगच्या चाकाच्या वर लावलं, तं पायावर पडलं. लोक खो खो हासाले लागले. साऱ्यात जोरात मी.

मंग मी गाडीखाली वाकलो आन अंगठा दाबला. ढेपच्या ढेप हातात आली. पुट्टी, पुट्टीत माशीची जाळी, आन जाळीच्या आत कोंबलेला हिंदी पेपर. वर पाह्यलो तं भोकातून गाडीचं पायदान दिसे. आत्ताच तेथी खुशीचे पाय होते.

मी ते ढेप वर केली. हासनं थांबलं. साऱ्यायचे डोळे जवायाकडे फिरले. योगराजनं चष्मा काढला आन सदऱ्यानं पुसत बसला.

खुशी ना गाडीकडे पाहे, ना नवऱ्याकडे. ते बापाकडे पाहून राहिली होती. आता बाप काय बोलते त्याच्यावर तिचे सासरचे पुढचे दिवस होते, हे मले बी समजलं, मंग दुधरामले कसं नाई समजनार?

"मीच सांगतलो होतो," दुधराम मनला.

"काय?" मी मनलो.

"मीच मनलो, पुट्टी भरा. जवाईबापू चद्दर टाकतो मनत होते. मीच मनलो, म्हाताऱ्या गाडीले चद्दर कायले पायजे?"

"मंग बैल कायले इकले गा?" शालीकरामनं इचारलं.

"म्हातारे झाले होते."

जवान जोडी होती ते. साऱ्या गावाले मालूम.

"मी तं मनतच होतो," योगराज चष्मा डोळ्यावर चढवत बोल्ला. "मामाजी आयकतच नाईत."

मले वाटलं, ते ढेप त्याच्या थोबाडात हानावं. पन मी हासलो. मनलो, "जाऊ दे दुधराम, पाहून घेतली मज्या. शर्त-बिर्त काई नाई."

दुधराम माह्याजवळ आला आन हळूच मनला, "बांध बे घुंगरू. नाई बांधलास तं लोक इचारत बसतीन, चूक कोनाची. बैल पाहून हासले का इचारनार नाईत. तिले लेकरू घेऊन त्याच घरी जा लागते."

नंदाबाईनं पेटीतून झूल काढून देली. इकलेल्या जोडीची. देताना मले मनली, "भूपेंद्रभाऊजी, गाठ सैल बांधजा." आन पोरीले घेऊन घरात गेली.

मी बांधली. झूल, घुंगराची माळ, कागदाचे शिंग, गळ्यात दोरी. तोरनाखाली साऱ्यायच्या जोड्या, आन मधात दुधराम. लोक पोट धरून हासले. कोनी मनले, "चारा टाका रे!" कोनी शेपटी मनून दोरखंड लावलं. योगराजनं मोबाइल काढून सारं भरून घेतलं. गाडी कोनाच्या ध्यानात बी राहिली नाई.

तोरन तुटलं. मंग बैल घरोघरी फिरवाचे आन लोकायनं त्यायले बोजारा, मनजे पैसे, द्याचे, अशी रीत हाये आमच्याकडे. पयला बोजारा जवायानंच देला. खिशातून नोट काढली, सासऱ्याच्या झुलीत खोसली आन मनला, "घ्या मामाजी, बैल बरा हाये."

दुधरामनं झुलीखालून दोन्ही हात काढले आन जवायाले जोडले. घुंगरू वाजले. लोकायले ते अखीनच आवडलं.

"चाल बे भूपेंद्र," तो खाली पाहून मनला, "पुढचं घर घे."

मी दोरी ओढली.