हेडफोन कनेक्टेड आहे

बिनवायरचा हेडफोन ज्याने शोधून काढला, त्याला एकदा आमच्या घरी आणून कॉम्प्युटरसमोर बसवावं, अशी माझी फार इच्छा आहे. चहा देईन, पोहे देईन, पण आधी जोडून दाखव म्हणेन.

आमचा कॉम्प्युटर टेबलावरचा, जुना. त्यात ब्लूटूथ नाही. म्हणून त्याच्या पाठीमागे नखाएवढा ॲडॉप्टर खोचायचा, ॲडॉप्टरने हेडफोनला ओळखायचं आणि मग आवाज कानात यायचा, असं खोक्यावर लिहिलंय. प्रत्यक्षात तो मनात आलं तर ओळखायचा, नाहीतर लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकासारखं तोंड फिरवायचा. बरं, हेडफोनचाच माइक लावला की कानातला आवाज विहिरीतून आल्यासारखा व्हायचा. आठवडाभर डोकं फोडून मी तोडगा काढला. ऐकायचं हेडफोनने आणि बोलायचं कॅमेऱ्याच्या माइकवर. माझा नवरा अजिंक्य लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्ट करतो, सुट्टीपुरता घरी येतो. हेडफोन आणला त्यानेच, आणि मग फोनवर म्हणतो, "साधा वायरवाला बरा पडला असता नाही?"

एवढा आटापिटा चालला होता पुण्याच्या एका कंपनीतल्या मुलाखतीसाठी. पुस्तकांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि वाचणाऱ्याच्या चुका काढायच्या. घरी बसून. चुका काढायला माझ्याइतकी लायक बाई अख्ख्या संगमेश्वर तालुक्यात सापडणार नाही, असं अजिंक्यच म्हणतो.

ही नोकरी मला हवीच होती. याआधी रत्नागिरीत एक मिळत होती, तेव्हा माझे सासरे एवढंच म्हणाले होते, "रोज यष्टीनं जानार? मग देवळातली दिवाबत्ती कोन बगनार?" माझे सासरे, आप्पा, गावचे गुरव. आमचं घर देवळाला अगदी लागून आहे, माझ्या खिडकीतून सभामंडपाचे खांब दिसतात. आप्पांचे गुडघे धरल्यापासून सांजेची दिवाबत्ती माझ्याकडे आली. ती नोकरी मी तोंडातून शब्द न काढता सोडली. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

मुलाखत संध्याकाळची, आणि नेमकी त्याच वेळी देवळात शिमग्याची बैठक. पालखी आधी कुठल्या वाडीत जायची यावरून दरवर्षी भांडतात, यंदाही भांडणार होते. मंडळाचा सेक्रेटरी सर्वेश याला मी सकाळीच बजावलं होतं, की आज आवाज नको.

"वयनी, चिडीचूप बैठक घेतो," तो म्हणाला.

मॅडम पडद्यावर आल्या. हसऱ्या होत्या. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मला सगळं स्वच्छ ऐकू आलं. आणि मग आवाज गेला. मॅडमचे ओठ हलतायत, कानात शुकशुकाट. पडद्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं, हेडफोन कनेक्टेड आहे. कनेक्टेड आहे तर आवाज कुठं तडफडला? मी हेडफोन बंद करून पुन्हा चालू केला. दाबला, कुरवाळला, मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी तो कानावरून खाली ओढला, तर खिडकीत शेजारच्या हौसाकाकू.

"अगो मृणाली, देवळात कोन बाय तुज्या नावानं हाका मारते! स्पीकरातून!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या आठवड्यात सर्वेश मंडळाचा तो चाकावरचा मोठा स्पीकर माझ्याकडे घेऊन आला होता. नमनाची गाणी माझ्या कॉम्प्युटरवरून वाजवायला त्याने तो माझ्याच ॲडॉप्टरला जोडला होता. आता बैठकीसाठी स्पीकर चालू केल्याबरोबर मेल्या ॲडॉप्टरला जुनी ओळख आठवली. मला विसरणाऱ्याला स्पीकर बरोबर लक्षात होता! माझं बोलणं पुण्याला पोचत होतं आणि पुण्याचं बोलणं सभामंडपात घुमत होतं. माझ्यापर्यंत नुसता घुमारा येत होता, शब्द एकही कळत नव्हता.

'बंद करा' म्हणून ओरडले असते तर ते मॅडमनी ऐकलं असतं. म्हणून मी कॅमेऱ्याच्या आडून हाताने खुणा केल्या. हौसाकाकूंनी त्यांचा वेगळाच अर्थ लावला. त्या लगबगीने गेल्या, देवळात कान दिला आणि परत येऊन कुजबुजल्या, "इचारते, आदी काय काम केलंस?"

मी मॅडमकडे बघून उत्तर दिलं. दुसरं काय करणार होते? मग तोच क्रम लागला. मॅडम बोलायच्या, स्पीकरपाशी सर्वेश ऐकायचा, तो पायरीवर येऊन सांगायचा, हौसाकाकू खिडकीत पोचवायच्या. गावात नेट हळू असतं असं समजून मॅडम बिचाऱ्या थांबत होत्या.

"दिवसाला किती तास बसशील, आनि येवडा येळ कुटून आननार तू?" हौसाकाकूंनी विचारलं. यातला दुसरा भाग त्यांचा स्वतःचा होता.

मग मॅडम बराच वेळ बोलल्या आणि थांबल्या. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कोणी नाही. मॅडम उत्तराची वाट बघतायत आणि माझ्याकडे प्रश्नच नाही! संताप संताप झाला नुसता. कानावर परत चढवलेला तो हेडफोन उचलून अंगणात भिरकावावा असं वाटलं.

तेवढ्यात बैठकीतून उठून आप्पाच दारातून आत आले. गुडघ्यावर हात टेकत, धापा टाकत. प्रश्न त्यांनी ऐकला होता, आणि आता ते मला कसा सांगतील ते त्यांच्या हातात होतं.

"इचारते, शिकायला तीन म्हयने पुन्यात येऊन ऱ्हाशील काय," आप्पा म्हणाले. "त्याच्यानंतर घरूनच काम. पन आताच सांग म्हनते."

त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. मला हो म्हणायचं होतं, पण पोटातला राग आधी बाहेर आला. "आणि दिवाबत्ती?" मी म्हटलं, चांगलं मोठ्याने.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. लोकांचं मागणं देवापुढे मांडण्यात त्यांचा जन्म गेलाय. जे काही मागायचं ते मागायची त्यांना एकच रीत ठाऊक. त्यांनी कॅमेऱ्यासमोर हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेक पुन्याला शिकायला जाते..."

"व्हय म्हाराजा!" खिडकीबाहेर अख्खी बैठक येऊन उभी होती.

"तिच्या कामात काय आडकाठी आसंल, ती दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि दिवाबत्ती हा म्हातारा करील, त्याच्या गुडघ्यांत बळ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कॅमेऱ्याच्या माइकने यातलं एक अक्षर सोडलं नसणार. मला रडू फुटलं. आप्पांवर इतकी वर्षं धरलेला राग आता ठेवायचा कुठे, तेच कळेना. कोणीतरी देवळातला स्पीकर बंद केला असावा, कारण कानात एकदम टुंग वाजलं आणि हेडफोन, न दाबता, न कुरवाळता, आपला आपण जोडला गेला. मॅडमचा आवाज स्वच्छ आला.

"मृणाली, मी हे तुमचं 'हो' समजू का?"

'हो मॅडम' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "व्हय म्हाराजा!"